आज चार मिनिटं जास्त का?

मुलांनो, मी राहते डोंबिवलीला आणि शिकवते ठाण्याला. एकदा हौस म्हणून घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत लागणारी मिनिटं वहीत लिहू लागले. दहा दिवसांचे आकडे पाहा: ४२, ४५, ४१, ४४, ४३, ४६, ४२, ४५, ४३, ४४. लोकल तीच, मीही तीच, तरी आकडा रोज वेगळा! कधी पुलावर गर्दी, कधी सिग्नल. ‘त्या दिवशी ४६ का?’ असं विचारलंत, तर मला काही सांगता येणार नाही.

मग खरंच काही बिघडलं, हे ओळखायचं कसं? त्याची युक्ती अमेरिकेतल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये मांडली. ते टेलिफोन बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत होते. युक्तीचं नाव कंट्रोल चार्ट. (प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले.)

करून पाहू या. दहा आकड्यांची सरासरी ४३.५. ही आलेखावरची मधली रेघ. आता लगतच्या दोन-दोन दिवसांतले फरक काढा: ३, ४, ३, १... अशा नऊ फरकांची सरासरी येते सुमारे २.७. तिला २.६६ने गुणा. (हा आकडा संख्याशास्त्रज्ञांनी काढून ठेवलाय, आपण नुसता वापरायचा!) उत्तर साधारण ७. मधल्या रेघेच्या ७ वर आणि ७ खाली आणखी दोन रेघा ओढा. ठिपका या दोन रेघांच्या आत असला, तर तो रोजचा चढउतार. बाहेर गेला, तर कारण शोधायचं. अकराव्या दिवशी ५८ मिनिटं लागली, तेव्हा गाडी वाटेत पाव तास उभी होती.

असाच तक्ता मी वर्गातही केला, फळ्यावरचे शब्द उतरवताना होणाऱ्या चुकांचा. पूर्वी काल दोन आणि आज चार चुका झाल्या, की मी रागवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन! वाटायचं, रागावण्याचा गुण आला. कसला गुण? आकडा आपला आपणच खाली आला होता.

एका मुलीचा ठिपका वरच्या रेघेबाहेर कधीच गेला नाही. पण सलग आठ दिवस तो मधल्या रेघेच्या वरच राहिला. हीसुद्धा खूणच, बरं का! नाणं आठ वेळा उडवावं आणि आठही वेळा छापाच पडावा, तसं. या वेळी मी रागावले नाही, विचारलं.

“बाई, मागच्या बाकावर बसवल्यापासून फळा धूसर दिसतो.”

आता तिला चष्मा आहे. तिच्या तक्त्यावर आम्ही नवी मधली रेघ ओढलीय, जुनीच्या बरीच खाली.