श्वानासह सागरप्रवास : किनाऱ्यावरची पूर्वतयारी

२०२३ च्या जुलै महिन्यात प्रशांत महासागरात ट्यूना मासे पकडण्यासाठी हिंडणाऱ्या एका मेक्सिकन जहाजाला एक मोडकळीस आलेली शिडाची नौका आढळली, आणि तिच्यावर टिम शॅडॉक हा ऑस्ट्रेलियन नाविक व त्याची बेला नावाची कुत्री अशी दोघेही जिवंत सापडली. ला पाझ बंदरातून फ्रेंच पॉलिनेशियाकडे निघालेल्या या नौकेची विद्युत्साधने वादळात निकामी झाली होती, आणि कच्चे मासे व पावसाचे पाणी एवढ्यावरच या दोघांनी कित्येक आठवडे कंठले होते. या सुटकेची वार्ता जगभर कौतुकाने वाचली गेली. मात्र किनारा लागल्यावर बेला मेक्सिकोतच, त्या जहाजावरील एका खलाशाच्या हवाली राहिली आणि तिच्या धन्याने तिचा निरोप घेतला, या तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यामागची कारणे त्याची त्याला ठाऊक; परंतु आपल्या पाळीव कुत्र्याला घेऊन देशोदेशीच्या बंदरांना जाण्याचा मनोदय ज्यांनी केला असेल, त्यांनी वादळवाऱ्याची चिंता वाहण्यापूर्वी किनाऱ्यांवरील कायद्यांची चिंता वाहावी, एवढा बोध या घटनेतून खचित घेता येतो.

या कायद्यांच्या मुळाशी अलर्क, म्हणजेच रेबीज, हा रोग आहे. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये त्यावरील लस माणसाला प्रथम टोचली, तथापि लक्षणे एकदा प्रकट झाल्यावर रोगी क्वचितच वाचतो ही स्थिती आजही पालटलेली नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावत असावीत असा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेकांना तो कुत्र्याच्या दंशातूनच जडतो. ब्रिटनने १९०२ मध्ये या रोगाचे आपल्या बेटांवरून उच्चाटन केले, पण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परदेशाहून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हा शिरला आणि त्याला हुसकावण्यास १९२२ साल उजाडले. ज्या देशाने असा अनुभव घेतला त्याने पुढे २००० सालापर्यंत परदेशी कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा कायदा अमलात ठेवला, यात नवल नाही. कारण हा विषाणू दंशानंतर साधारणतः दोन-तीन महिने, आणि क्वचित वर्षभरही, शरीरात दबा धरून बसतो, व तोपर्यंत निरोगी आणि बाधित कुत्रा यांत वरवर पाहता काहीही फरक दिसत नाही.

पूर्वी ही प्रतीक्षा परक्या बंदरातील पिंजऱ्यात व्हायची, ती आता बरीचशी घरी बसून करता येते, आणि म्हणूनच तिचा हिशेब आधीपासून मांडावा लागतो. भारतातून युरोपीय संघाच्या मुलखात जाणाऱ्या कुत्र्याच्या कातडीखाली प्रथम पंधरा अंकी क्रमांकाची सूक्ष्मपट्टी, म्हणजे मायक्रोचिप, बसवावी लागते व त्यानंतरच लस टोचावी लागते. हा क्रम उलटा झाल्यास ती लस जमेस धरली जात नाही, कारण अमुक लस अमुकच कुत्र्याला दिली हे सिद्ध करण्यास अन्य साधन उरत नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडायचे, त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एककांहून कमी नाही असा निर्वाळा मिळवायचा, आणि रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे. सारे सुरळीत पार पडले तरी यात चार महिने सहज जातात. शेवटी निर्यातीचा आरोग्यदाखला पशु-संगरोध खात्याकडून घ्यायचा, ज्याचे एक कार्यालय मुंबईत आहे. आणि परतीच्या वेळी याच खात्याचा ना-हरकत दाखला कुत्रा मायदेशी पोचण्यापूर्वी हाती असला पाहिजे. युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तर ही रक्ततपासणी तिकडून निघण्यापूर्वीच उरकून कुत्र्याच्या पारपत्रात नोंदवून घ्यावी, म्हणजे भारतभेटीनंतर परत जाताना तीन महिन्यांचा खोळंबा होत नाही.

शिडाच्या नौकेची खरी अडचण अशी की, कायदा तारखांवर चालतो आणि नौका वाऱ्यावर चालते. युरोपीय कायद्याने याची काहीशी जाण ठेवली आहे. दाखला दिल्यापासून दहा दिवसांत प्रवेश झाला पाहिजे, परंतु समुद्रमार्गे येणाऱ्यांस प्रवासाला लागलेले दिवस त्यात वाढवून मिळतात. फीतकृमीच्या औषधाच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, फिनलंड व माल्टा या देशांत जाणाऱ्या कुत्र्याला हे औषध प्रवेशापूर्वी चोवीस ते एकशे वीस तासांच्या आत पशुवैद्याकडून दिलेले असावे लागते, कारण त्याचा प्रभाव शरीरात टिकत नाही. प्रतिकूल वाऱ्यात नौका अडकली की ही मुदत समुद्रातच टळून जाते. त्यातही ग्रेट ब्रिटनमध्ये, आयर्लंडसारख्या निकटच्या मुलखांचा अपवाद सोडल्यास, खाजगी नौकेतून कुत्रा आणताच येत नाही. म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर कुत्र्याला घरच्या कोणाबरोबर सरकारमान्य प्रवासी बोटीत बसवायचे आणि आपण आपली नौका पलीकडे न्यायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. ऑस्ट्रेलियात तर आगंतुक नौकेवरील कुत्र्याला जमिनीवर पाय ठेवू न देता नौकेवरच बंदिस्त ठेवावे लागते, आणि भारतातून थेट तेथे कुत्रा नेण्याची मुळी मुभाच नाही. बंदरात शिरताना जो पिवळा ध्वज उभारून आरोग्य-परवानगीची याचना करायची, तो उतरवण्याची अनुज्ञा मिळेपर्यंत, कुत्र्याला काळोखात किनाऱ्यावर फिरवून आणण्याचा मोह कितीही अनावर झाला तरी तो आवरलाच पाहिजे.

कागदपत्रांचे हे काम चालू असताना नौकेचीही तजवीज करावी. कडेच्या तारांना खालपासून वरपर्यंत जाळी बांधावी, पाठीवर मूठ असलेले जीवरक्षक जाकीट कुत्र्याच्या अंगवळणी पाडावे, म्हणजे तो पाण्यात पडलाच तर त्याला आकड्याने वर उचलता येते. आणि निसरड्या फळ्यांवर त्याची नखे ठरत नसल्याने चटया अंथराव्यात. पिण्याच्या पाण्याचा हिशेब काटेकोर हवा. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि कॅनरी बेटांपासून कॅरिबियन बेटांपर्यंतचा सुमारे २,७०० सागरी मैलांचा पल्ला तीन आठवड्यांचा धरला, तर एकट्या त्याच्यासाठी सव्वीस-सत्तावीस लिटर आणि वर उष्णतेसाठी व विलंबासाठी निदान निम्मे अधिक साठवणे भाग आहे. कारण तहानेने तो समुद्राचे पाणी प्याला तर क्षारांचा विकार जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो, यास्तव कनातीची सावली ही त्याच्या बाबतीत चैन समजू नये. भूमध्य सागराच्या काठी वालुमाशीपासून व उष्ण प्रदेशांत डासांपासून जडणाऱ्या परजीवी रोगांची प्रतिबंधक औषधेही निघण्यापूर्वीच पशुवैद्याकडून घ्यावीत.

सर्वांत बिकट प्रश्न मलमूत्रविसर्जनाचा, ज्याची चर्चा सभ्य प्रवासवर्णनांत आढळत नाही. सुशिक्षित घरकुत्रा नौकेला घरच मानतो आणि तिच्यावर घाण करणे हा अपराध समजून चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ कळ सोसत राहतो. यावर उपाय म्हणजे कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा आधी घराच्या अंगणात, त्याच्याच वासाने ओळखीचा करून, मग धक्क्याला बांधलेल्या नौकेवर आणि शेवटी चालत्या नौकेवर नाळेशी अंथरणे, व त्याला दोरी बांधून तो समुद्रात खळबळून काढणे. ही शिकवण कित्येक आठवडे चालते, आणि काही कुत्री ती कधीच आत्मसात करीत नाहीत.

म्हणून परीक्षेचा क्रम उलटा असावा असे सुचवावेसे वाटते. प्रयोगशाळेचे शुल्क भरण्यापूर्वी आणि दाखल्यांच्या मागे लागण्यापूर्वी मुंबईकराने मांडव्यापर्यंत, मग एखाद्या शांत खाडीत नांगर टाकून दोन-तीन रात्री, असे कुत्र्याला नेऊन पाहावे. तो जेवला, झोपला, मोकळा झाला आणि दुसऱ्या खेपेस आपण होऊन नौकेवर चढला, तर चार महिन्यांचा खटाटोप सार्थकी लागण्याची आशा आहे, आणि शेजारशेजारच्या बंदरांचा मार्ग त्याच्यासाठी खुशाल आखावा. त्याने अन्न नाकारले वा वृद्धापकाळाने त्याला जिना चढवेना, तर त्याला आप्तांच्या घरी ठेवून एकट्याने निघणे, किंवा तो आहे तोवर आपणच किनाऱ्यालगतच्या सफरींवर समाधान मानणे, यांपैकी एक पत्करावे. कारण दूरच्या बंदरांची ओढ आपली आहे, त्याची नव्हे.