दोन उतारे, एक फेरफार आणि ‘रुबी’तील गुंता

मंडणगड तालुक्यातील वेळास वा बाणकोट येथे वडिलोपार्जित जमीन असलेल्या मुंबईकरांना दोन कागद चांगलेच परिचित असतात. सातबारा उताऱ्यावर जमीन आणि तिचे खातेदार दिसतात. ‘आठ अ’वर खातेदार आणि त्याच्या जमिनी. प्रत्येक कागदात दुसऱ्याचा हवाला असतो.

हीच रचना संगणकावर, युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रुबी’ भाषेत उतरवायची झाल्यास ‘जमीन’ आणि ‘खातेदार’ असे दोन क्लास, दोन फाइलींत लिहिले जातील. दोन्ही फाइलींच्या आरंभी दुसरी फाइल मागवणारी ‘रिक्वायर’ ही आज्ञा असेल, तर चक्र तयार होते.

रुबी फाइलीतील आज्ञा वरून खाली क्रमाने चालवते. ‘जमीन’ वाचू लागताच ती ‘खातेदार’कडे वळते. तेथे पुन्हा ‘जमीन’ची मागणी येते, पण ती फाइल आधीच उघडलेली असल्याने रुबी ती पुन्हा वाचत नाही, तशीच पुढे जाते. त्याच वेळी ‘खातेदार’च्या मुख्य भागात ‘जमीन’ हे नाव वापरलेले असेल, तर ते अजून अस्तित्वातच नसते. आज्ञावली तेथेच कोसळते. फाइलींचा क्रम बदलला की कधी ती चालते, कधी नाही. त्यामुळे दोष शोधणे जिकिरीचे होते.

यावर सोपा उपाय म्हणजे ते नाव मेथडच्या आत नेणे. मेथडमधील नावाचा शोध ती प्रत्यक्ष चालते तेव्हाच घेतला जातो. तोवर दोन्ही फाइली वाचून झालेल्या असतात. दुसरा उपाय, क्लासने जोडीदाराचे नाव न घेता तयार वस्तू बाहेरून स्वीकारणे. क्लास आधी रिकामा घोषित करून नंतर पुन्हा उघडण्याचीही सोय रुबीत आहे. मात्र त्याने गुंता झाकला जातो, सुटत नाही. दोन्ही क्लास एकमेकांना घट्ट बांधलेलेच राहतात आणि एकाची स्वतंत्र चाचणी घेता येत नाही.

खरा उपाय महसूल खात्याच्या दप्तरातच सापडतो. वारसाची नोंद करताना उतारे बदलण्यापूर्वी तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. ती मंजूर झाल्यावर तिच्या आधारे उतारे बदलतात. आज्ञावलीतही ‘फेरफार’ नावाचा तिसरा क्लास करावा. त्याला दोघांची ओळख असावी, त्या दोघांना मात्र परस्परांची गरज नसावी. चक्र आपोआप तुटते.