न उघडणाऱ्या फायलींचं दशक

ऑक्टोबर २०२६नंतर आपण पानं लावायचं पब्लिशर हे सॉफ्टवेअर सांभाळणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. सोबत सल्लाही दिला: जुन्या फायलींचं वेळेत पीडीएफ करून ठेवा. आपल्याकडे पब्लिशर फारसं कुणी वापरलं नाही, त्यामुळे इथे कुणाचं काही अडलं नाही. मला मात्र ती बातमी झोंबली. एवढा साधा सल्ला तसंच पानं लावायचं पेजमेकर मावळताना आम्हाला कुणी कानात ओरडून दिला असता, तर मराठीतली किती पानं आज वाचता आली असती!

पेजमेकरच्या आधीच्या डॉसच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फाइलचं नाव आठ अक्षरांचं, मग टिंब, मग तीन अक्षरांचं शेपूट. डीबीएफ दिसलं की फॉक्सप्रो, डब्ल्यूके१ दिसलं की लोटस. पतपेढ्यांचे हिशेब त्यात असायचे आणि ज्याने प्रोग्रॅम लिहिला तोच तो उघडायचा. बाकीच्यांचा संबंध नव्हता.

संबंध आला तो १९९५नंतर. पुण्यात नारायण पेठेपासून सदाशिव पेठेपर्यंत जिन्याखालच्या खोल्यांत डीटीपी सेंटरं निघाली. खिळे जुळवणारे हात कीबोर्डवर आले आणि दिवाळी अंक पेजमेकरमध्ये लागू लागले. पाचव्या आवृत्तीची फाइल पीएम५, सहावीची पीएम६, साडेसहाची पी६५ आणि २००१मध्ये आलेल्या सातवीची पीएमडी. नव्यात केलेलं जुन्यात उघडायचं नाही. भाद्रपदात लेखकाचं मॅटर एका ठिकाणी टाकलेलं, पानं दुसऱ्याकडे लागलेली आणि ट्रेसिंग तिसऱ्याकडे काढायचं. फ्लॉपी घेऊन रिक्षाने जायचं, तर समोरचा शेपूट पाहूनच मान हलवायचा: ‘आमच्याकडे साडेसहा आहे, सेव्हन नाही.’

आणि उघडली तरी संपलं नाही. पानावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. ‘जंक आलंय, फॉन्ट पाठवा,’ हे त्या दशकातलं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक संकेतन १९९१मध्येच ठरलं होतं. तरी ज्याने त्याने आपापल्या फॉन्टला आपापली संकेतावली दिली. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याची वेलांटी. वर फॉन्ट चालायला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप. ते हरवलं की स्वतःचाच अग्रलेख दुरुस्त करायची सोय नाही. एका फॉन्टवाल्या प्रतिनिधीला मी विचारलं होतं, दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये मजकूर कसा न्यायचा? तो हसून म्हणाला, ‘न्यायचाच कशाला?’ त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. मजकूर आमचा, टायपिंगचे पैसे आमचे आणि किल्ली त्याच्या खिशात.

याच दशकात आणखी एक खोड लागली. विंडोज ९५ने ओळखीच्या फायलींची शेपटं मुळातच लपवायला सुरुवात केली. लोकांना गोंधळ नको, अशी त्यामागची दया. ४ मे २००० रोजी या दयेचं फळ जगाने खाल्लं. फिलिपिन्सहून निघालेलं प्रेमपत्र ईमेलने आलं. नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसत होतं, म्हणजे साधा मजकूर. त्याच्याही पुढचं व्हीबीएस हे शेपूट विंडोजने झाकून ठेवलं होतं. ते पत्र नव्हतं, प्रोग्रॅम होता. उघडणाऱ्याचे फोटो त्याने पुसले आणि ॲड्रेसबुकातल्या सगळ्यांना तो स्वतःला पाठवत सुटला. इतकं होऊनही आजच्या विंडोज ११मध्ये शेपटं मुळात झाकलेलीच असतात. ती दाखवायला सेटिंग शोधावं लागतं.

शेपूट खोटं बोलू शकतं, हे आमच्या ऑपरेटरांना कुणी शिकवलं नव्हतं. सरावाने कळलं होतं. अनोळखी फाइल आली की तिची प्रत करायची आणि ती सरळ नोटपॅडमध्ये उघडायची. बाकी सगळा कचरा दिसतो, पण पहिल्या ओळीत डोकवायचं. टक्केवारीच्या चिन्हापुढे पीडीएफ अशी अक्षरं दिसली तर फाइल पीडीएफच, नाव काही का असेना. जेएफआयएफ दिसलं तर फोटो. सुरुवातीला एमझेड असेल तर प्रोग्रॅम, दोन वेळा टिचकी मारायची नाही. ती मार्क झ्बिकोव्हस्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरची आद्याक्षरं. पीके दिसलं तर झिप. ती झिप काढणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरं. युनिक्सवाल्यांकडे हे पाहून सांगणारी ‘फाइल’ नावाची आज्ञा १९७३पासून आहे. आमच्याकडे नोटपॅड होतं आणि तेवढं पुरत होतं.

२००७मध्ये डॉकएक्स आलं आणि जुन्या वर्डवाल्यांनी ‘उघडत नाही’ म्हणून बोंब मारली, ती वर्षं मी भराभर ओलांडतो. एवढंच सांगतो की डॉकएक्ससुद्धा आतून झिपच आहे. शेपूट बदलून झिप केलं की लेखातले फोटो वेगळे निघतात. ही युक्ती मी अनेक तरुण संपादकांना दाखवली आहे. त्यांना ती जादू वाटते. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या फोनला फाइल उघडता आली नाही तर तो ॲप सुचवतो, नाहीतर गप्प बसतो. मग कुणीतरी सातबारा आणि आधार कार्डाच्या फायली कुठल्याशा फुकट कन्व्हर्टरच्या साइटवर चढवतो आणि आपलं काम झालं म्हणतो. काम झालं हे खरं, कुणाचं ते विचारू नये.

पेजमेकरचं पुढे काय झालं? सातवीनंतर आवृत्ती आली नाही. अडोबीच्या इनडिझाइनने सहाव्या आवृत्तीपासूनच्या फायली काही वर्षं उघडून दिल्या, त्याही २०१२च्या सीएस६पर्यंत. पुढच्यांनी दार लावलं. गंमत अशी, की २०१५मध्ये लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरने पेजमेकरच्या फायली वाचायला घेतल्या. पब्लिशरच्या तर ते त्याआधीपासून वाचतं. मांडणी थोडी हलते, पण मजकूर बाहेर येतो. मराठीचा मजकूर अर्थात जंक येतो आणि मग त्या त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, अशक्य नाही.

म्हणून नियतकालिकं, ग्रंथालयं आणि छोट्या प्रकाशकांना विनंती: कपाटातल्या त्या सीड्या याच वर्षी बाहेर काढा. फायलीबरोबर फॉन्टही उतरवून घ्या, कोणता फॉन्ट ते कागदावर लिहा. पानाचं पीडीएफ आणि मजकुराचं युनिकोड, दोन्ही काढा, एकावर भागवू नका. ज्याने पानं लावली तो ऑपरेटर अजून गावात असेल तर त्याला योग्य पैसे देऊन बसवा. आणि आधी सीडी वाचणारा ड्राइव्ह शोधा. नव्या लॅपटॉपना तो बहुधा नसतोच.