मोटारीच्या इंजिनाचा घात : कारण कसें ओळखावें?

गेल्या उन्हाळ्यांत दौंडाहून चौफुला-न्हावरे मार्गानें शिरूरकडे येतांना आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारीचें इंजिन खटखट वाजूं लागलें, आणि पाहतां पाहतां पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. दोष चालकाचा ठरवून त्यास काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. आम्ही म्हटलें, आधीं तुकडे तरी पाहूं या.

मोडके तुकडेच खरी साक्ष देतात. दांडा मोडण्यापूर्वीं वांकला असेल तर सिलिंडरांत बहुधा पाणी शिरलेलें असतें; पाणी दाबलें जात नाहीं, म्हणून दांडा वांकतो. पिस्टन चोहों बाजूंनीं ओरखडला असेल तर इंजिन अति तापलें असावें. बेअरिंग निळें-काळें पडलें असेल तर तेल पोंचलें नाहीं. नुसते चरे असतील तर तेलांत कचरा होता.

येथें बेअरिंग निळें पडलें होतें. तळाच्या टाकींत तेल मात्र पुरेसें! टाकी उतरवितांच उलगडा झाला. पंपाच्या जाळीवर काळ्या गाळाचा थर बसला होता. तेल असूनही वर चढत नव्हतें. तेल बदलण्याची मुदत केव्हांच उलटली होती. चालकानें दोनदां आठवण केली असतां मालकांनींच 'हंगाम संपूं द्या' म्हणून तें काम पुढें ढकललें होतें.

चालक कामावर राहिला. विहिरीवरील तेल-इंजिनासही हाच न्याय लागू आहे. मोटारींतील तेलाचा दिवा तेलाचें माप नव्हे, तर दाब घटल्याचें सांगतो. तो लागतांच शेतकरी बंधूंनीं इंजिन तत्काळ बंद करावें. आणि दुर्दैवानें घात झालाच, तर तुकडे भंगारांत देण्यापूर्वीं ते अवश्य पाहावे.