रांगेत राहिलेलं काम

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची खरी कसोटी दोनदा लागते: कार्ड जोडताना आणि काढताना. मधल्या काळात पॅकेटांची अखंड ये-जा असते, तिथली चूक पटकन उघडी पडते. टोकांवरच्या चुका मात्र वर्षानुवर्षं दडून राहतात, कारण त्या घडायला दोन प्रोसेसरांची वेळ नेमकी जुळावी लागते.

लिनक्समध्ये ड्रायव्हरने 'रजिस्टर नेटडेव्ह' म्हटलं की कार्ड सगळ्यांना दिसू लागतं. ड्रायव्हरची पुढची ओळ चालायच्या आत दुसऱ्या प्रोसेसरवरचा प्रोग्राम ते सुरूही करू शकतो. टायमर, रांगा, लॉक तोवर तयार नसतील तर कर्नल कोसळू शकतो. म्हणून नोंदणी सगळ्यात शेवटी. पंगत बसवायची ती पानं वाढून झाल्यावर.

आवराआवर याहून अवघड.

रेनेसासच्या आर-कार चिपा मोटारींसाठी बनतात. त्यांच्या इथरनेटचा ड्रायव्हर म्हणजे 'आरएव्हीबी'. पॅकेट पाठवणं अडकलं की तो कार्ड सावरण्याचं काम रांगेत टाकतो आणि कर्नल ते सवडीने उचलतो. तेवढ्यात कुणी ड्रायव्हर काढला तर? एका प्रोसेसरवर नोंदणी रद्द होते, मेमरी परत जाते. दुसऱ्यावर ते काम सुरू होतं आणि त्याच परत दिलेल्या मेमरीला हात घालतं. या चुकीची नोंद सीव्हीई-२०२३-३५८२७ या क्रमांकाने झाली. २०१५ साली लिनक्स ४.० मध्ये आलेलं 'केसॅन' हे साधन असे प्रकार रंगेहाथ पकडतं: मेमरी कुणी सोडली आणि नंतर कुणी वापरली, दोन्ही माग ते छापून देतं.

दुरुस्ती दिसायला एका ओळीची. कार्ड बंद करणाऱ्या फंक्शनात 'कॅन्सल वर्क सिंक'. ते रांगेतलं काम काढून टाकतं आणि चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. सगळा जीव त्या थांबण्यात आहे. जागाही विचार करून निवडलेली: त्याआधीच लिंक बंद झालेली असते, त्यामुळे रांगेत नवं काम पडत नाही.

पण गुंता तिथे संपला नाही. कार्ड सावरणारं हे काम बाकीच्या फंक्शनांशीही टक्कर घेत होतं, म्हणून त्याला नेटवर्कचं मोठं कुलूप, आरटीएनएल, घ्यावं लागलं. कार्ड बंद करणारं फंक्शन मात्र तेच कुलूप धरून या कामाची वाट पाहतं. दोघं एकमेकांसाठी खोळंबले की सगळंच ठप्प. म्हणून हे काम कुलूप फक्त मागून बघतं. मिळालं नाही तर अडून न बसता स्वतःला पुन्हा रांगेत लावतं आणि बाजूला होतं.