धरण पाहायला जाता, मग पाण्याची वाटही पाहा!

पावसाळा लागला की भंडारदऱ्याला गर्दी उसळते. माणसं येतात, भिंतीसमोर फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात आणि परततात. हौसेला कुणाची ना नाही. पण शेतकऱ्यानं नुसतं धरण पाहून माघारी यावं, हे काही पटत नाही. गावानं एक गाडी करावी आणि प्रवरेच्या पाण्यामागे दोन दिवस फिरावं, अशी आमची सूचना आहे.

सुरुवात अकोले तालुक्यात भंडारदऱ्यापासूनच करावी. या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. दगडी भिंत सुमारे ८२ मीटर उंच, साठा ११ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरच्या हिशेबात सुमारे २,८३१ कोटी. १९६९ साली भिंतीला तडे गेले, तेव्हा मागून आधार बांधून ती भक्कम केली. ते आधार जरूर पाहावेत. छत्रीसारखा दिसणारा अंब्रेला धबधबाही निसर्गाचा नव्हे. धरणातून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावर पडतं, म्हणून त्याला तो आकार येतो.

खाली निळवंडे धरण आहे. या प्रकल्पाची कल्पना १९७० सालची. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते २६ ऑक्टोबर २०२३ ला. कालवा ८५ किलोमीटरचा, लाभ १८२ गावांना. मधल्या काळात एक अख्खी पिढी पाण्याची वाट पाहत म्हातारी झाली. धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या अकोल्याच्या माणसांशीही दोन शब्द बोलावं.

पुढं संगमनेर तालुक्यात ओझरचा बंधारा लागतो. प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच निघतात. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर लोणीजवळ प्रवरानगरचा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाकं फिरली. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. वजनकाट्यापासून साखरेच्या पोत्यापर्यंत सगळं नीट समजून घ्यावं.

शेवटचा मुक्काम पैठण. प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जातं. १९६५ साली पायाभरणी आणि १९७६ साली उद्घाटन झालेलं हे मातीचं धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे. दरवाजे २७. वरचे म्हणतात पाणी आमचं, खालचे म्हणतात आमच्या हक्काचं. २०२३ साली वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा दोन्हीकडे आंदोलनं झाली. एकाच गाडीतून दोन्ही टोकं पाहिली, तर निदान समोरच्याचं म्हणणं तरी कळेल.

आता सोयीचं बोलू. सहल पावसाळ्यात नको, रब्बीचं आवर्तन सुरू असताना काढावी. तेव्हा कालवा वाहता असतो आणि कारखान्याचं गाळपही चालू असतं. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पाटबंधारे उपविभाग आणि कारखाना या दोघांनाही आधी पत्र द्यावं. परवानगीशिवाय दरवाजांजवळ किंवा यंत्रांजवळ जाऊ नये. पोरांना कालव्याच्या काठापासून लांब ठेवावं. ग्रामसेवक आणि तलाठी सोबत असले तर उत्तमच.

विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. आवर्तन कुणी ठरवलं? कालवा सल्लागार समितीत आपल्या भागाचं कोण आहे? कालव्याच्या मुखाशी किती क्युसेक सुटलं आणि टेलला किती पोचलं? मधलं कुठं गेलं, गळतीत की चोरीत? पाणीवापर संस्थेला पाणी मोजून मिळतं का?

परत आल्यावर ग्रामसभेत अर्धा तास या सहलीचा वृत्तांत सांगावा. आपल्याच चारीवर रात्री-अपरात्री भांडणं होतात, टेलच्या शेतकऱ्याचं पीक डोळ्यांदेखत वाळतं. दोन दिवस पाण्यामागे हिंडून आलेला माणूस पुढच्या पाळीला चारीवर उभा राहील, तेव्हा पाटकऱ्याला नेमकं काय विचारायचं, हे त्याला ठाऊक असेल.