घटसर्प : गोठ्यातला आणि घरातला

मराठीत ‘घटसर्प’ हा शब्द दोन निरनिराळ्या दुखण्यांना लावला जातो. पावसाळ्यापूर्वी गुरांना ज्याची लस टोचतात, तो घटसर्प पाश्चुरेला जंतूचा. मुलांचा घसा धरून श्वास कोंडणारा तो डिफ्थेरियाच्या जंतूचा. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, आणि माणसाचा घटसर्प माणसाकडूनच येतो, असे आपण शिकत व शिकवीत आलो. यातील दुसरे विधान आता दुरुस्त करणे प्राप्त आहे.

डिफ्थेरियाच्या जंतूचा एक भाऊबंद ‘कॉरिनेबॅक्टेरियम अल्सेरन्स’ या नावाने ओळखला जातो. गाईंचा कासदाह आणि कच्चे दूध यांच्याशी त्याचा संबंध जुनाच. (दूध तापवूनच घेण्याची आपली रीत येथे उपकारक ठरते.) अलीकडे मात्र तो पाळीव कुत्र्यामांजरांकडून माणसांत येताना आढळतो. ब्रिटनमध्ये १९८६ ते २००८ या काळात अशा विषारी जंतूंचे १०२ रुग्ण नोंदले गेले. पैकी ४२ मूळ डिफ्थेरियाचे, तर ५९ या भाऊबंदाचे! मृत्यू पाच, आणि पाचही जणांना लस मिळालेली नव्हती. जपानमध्ये २०१६ साली फुकुओका येथील साठीतील एक स्त्री श्वास कोंडून दगावली. ती भटक्या मांजरांना खाऊ घालीत असे.

दोन जंतूंचे दुखणे एकसारखे का, याचे उत्तर विषात आहे. घशात पडदा धरणारे आणि हृदय व मज्जातंतू यांना इजा करणारे विष दोहोंचे जवळजवळ एकच. ते करण्याची विद्याही जंतूची उपजत नव्हे; बहुधा त्याला ग्रासणाऱ्या विषाणूंनी ती त्याच्या पदरी घातलेली असते. आपली लस निर्विष केलेल्या याच विषापासून बनते, म्हणून ती या भाऊबंदाविरुद्धही उपयोगी पडते.

परंतु येथेच खरी अडचण आहे. गावातील सर्व मुलांना लस टोचली म्हणजे मूळ जंतूला फिरायला वाट उरत नाही आणि लस न घेतलेलाही पुष्कळदा बचावतो. मांजराच्या नाकातील जंतूला त्याचे काय? शेजाऱ्याच्या लसीचा आडोसा तेथे मिळत नाही. ज्याचे त्यालाच संरक्षण हवे. बालपणीच्या लसीचा प्रभाव तर वयाबरोबर ओसरतो. सरकारी कार्यक्रमात धनुर्वाताच्या एकेरी लसीची जागा आता ‘टीडी’ या जोडलसीने घेतली असून ती दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाते. पुढे जखम झाली की प्रौढ माणूस सवयीने नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन मागतो. त्याच सुईतून घटसर्पाचेही संरक्षण मिळू शकते, हे त्याला दवाखान्यात कोणी सांगतोच असे नाही.